ओवीतून कापलेलं गाव

ताम्हिणीच्या अलीकडे, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथे खासगी एफएम आजही धड लागत नाही. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की तिथेच अडतात, आणि आमच्याकडे डोंगर सोडून दुसरं आहेच काय! मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून, वळसे घेत खोऱ्यात उतरतात. म्हणून पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र आमच्या वाडीत लागायचं. पावसाळ्यात खरखर फार असायची, तरी लागायचं. आबांचा ट्रान्झिस्टर पडवीतल्या खुंटीला टांगलेला असे. त्याच्या कातडी कव्हरचं एक बटण तुटलेलं होतं आणि तिथे आईने काळ्या दोऱ्याचा टाका घातला होता. सेल उतरले की आबा ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार दिवस निघायचे. वीज आमच्याकडे फार उशिरा आली. ज्या पाण्यावर १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि मुंबई उजळली, त्याच पाण्याच्या काठावर आम्ही रॉकेलच्या चिमणीपुढे बसून पाढे पाठ केले. त्याच वर्षी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आजीचं माहेर ज्या पाण्याखाली गेलं, ते पाणी आणि मुंबईचा रेडिओ हे एका वयाचे.

धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाच्या वेळी आजी लहान होती. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला तो लढा, सेनापती बापट, भुस्कुटे, आडव्या पडलेल्या बायाबापड्या, हे सगळं मला पुढे पुस्तकातून कळलं. घरात मात्र ते कळलं आत्याच्या ओवीतून. आजीच्या माहेरचं नाव, तिथल्या देवीचं नाव, नदीच्या डोहाचं नाव, हे सगळं आत्याच्या ओव्यांत होतं. गाव बुडालं त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आत्या जन्मली. तिने ते कधी पाहिलंच नाही. तरी जात्याचा खुंटा हातात आला की ती त्या गावाला मुराळी पाठवायची, तिथल्या मामाला साद घालायची.

आत्या तरुणपणीच माहेरी परत आली ती कायमची. कोंबडा आरवायच्या आत तिचं जातं सुरू होई. खालच्या गावात पिठाची गिरणी आली, तांदूळ-ज्वारी तिकडे जाऊ लागली, तरी भाकरीपुरती नाचणी ती घरीच दळायची. गिरणीचं पीठ गरम होतं, चव मरते, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं असावं. तेवढा तास तिचा एकटीचा होता. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला, आणि मग कुणाला सांगता न येण्याजोगं सगळं जात्याला. आम्ही पोरं गोधडीत अर्धवट जागी असायचो. दगडाची घरघर, मध्येच जात्याच्या तोंडात घास टाकताना पडलेला खंड, आणि पुन्हा वर उचललेला सूर. तिच्या ओवीला शेवट नसे. दळण संपलं की ती थांबे.

रेडिओवरची लोकगीतं तिला आवडत. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला, त्यात भलरी, गवळण, भारूड, पोवाडा असं काही आलं, की चूल फुंकता फुंकता ती कान टवकारून ऐके. शाहीर साबळ्यांचा खडा आवाज, विठ्ठल उमपांची फिरत, हे ऐकताना ती हातातलं काम ठेवून देई. एकदा मात्र रेडिओवर जात्यावरचं गाणं लागलं. मागे बासरी, पुढे बायकांचा कोरस, सगळं नेटकं. ते संपल्यावर ती आबांना म्हणाली, "गाती ग्वाड रं, पर लई घाई. येवढ्यात पसाभर तरी पडलं आसंल का पीठ?"

त्या वेळी आम्ही हसलो होतो. पण लोकगीत आणि प्रक्षेपण यांच्यातला सगळा झगडा तिने त्या एका वाक्यात सांगितला होता असं मला आता वाटतं. ओवी कामाच्या मापाने चालते आणि रेडिओ घड्याळाच्या. आवणीच्या वेळी खाचरात वाकलेल्या बायका ताल धरायच्या तो रोपाची मूठ संपेपर्यंत. शिमग्याची गाणी होळी विझेपर्यंत. कार्तिकातली काकड आरती उजाडेपर्यंत. या गाण्यांना तीन मिनिटांच्या चौकटीत बसवायचं तर काहीतरी कापावंच लागतं. प्रश्न इतकाच उरतो की कात्री कुणाच्या हातात आहे आणि ती काय कापते आहे.

सुरुवातीची कात्री सरकारच्या हातात होती. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तेव्हा नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे पुण्यात जन्मलेला आपलाच माणूस. १९५२ पासून दहा वर्षं त्यांनी ते खातं सांभाळलं. शास्त्रीय संगीत घरोघरी जावं म्हणून त्यांनी कष्ट घेतले, आणि सिनेसंगीत उथळ म्हणून ते आकाशवाणीवरून जवळजवळ घालवलं. लोक उठले आणि त्यांनी सुई सिलोनवर नेली. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच १९५२ ची. व्यापाराला दार लावलं तर तो शेजारच्या देशातून खिडकीत येतो, हे तेव्हाच दिसलं होतं. आणि परंपरेच्या नावाने बसलेल्या राखणदारांनाही सगळी परंपरा चालत होती असं नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती. आमच्याकडच्या भजनी मंडळाचा तर जीवच पेटीत. कुणी ठरवायचं अस्सल काय ते?

तरीही त्या काळाबद्दल मला माया आहे आणि ती मी लपवणार नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे धरून पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, मग चावडीत चर्चा, मग लोकांचे प्रश्न उलट टपालाने केंद्राकडे. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि पुढे १९५९ पासून देशभर तशी मंडळं निघाली. त्याच्याच आगेमागे, १९५५-५६ मध्ये, याच केंद्रावरून आठवड्याला एक अशी गीतरामायणाची छप्पन्न गीतं वाजली. एकाच इमारतीतून गदिमा-बाबूजी आणि खताचा सल्ला, दोन्ही निघत होतं, आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं की तुझी ऐपत किती. शेवटच्या वाडीतला कान हाही कानच, असं धरून चाललेलं ते काम होतं.

मग मिनिटाला किंमत आली. विविध भारती १९५७ ची, पण तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि देशात सर्वांत आधी त्या सुरू झाल्या मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांवर. आम्हा पोरांना त्या जाहिराती तोंडपाठ होत्या. आत्यालाही एक-दोन यायच्या, साबणाची तर ती चालीसकट म्हणायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण जिथे मिनिटाचा दर ठरतो तिथे दर न देणारं मिनिट ओझं वाटू लागतं. लोकसंगीताचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर आला, मग भलत्याच वेळेला गेला. माणूस शेतात असतो त्या दुपारी भलरी लावून काय उपयोग?

पैसा आणि लोककला यांचं वैर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारी माणसं बहुधा पगारदार असतात. वासुदेव सूप भरून धान्य घेऊनच पुढच्या दारी जातो. तमाशाचा फड सुपारीवर चालतो, जागरण-गोंधळाची बिदागी ठरलेली असते. विठाबाई नारायणगावकरांनी तंबूत तिकिटावरच आयुष्य काढलं. आणि कॅसेटने तर मोठं काम केलं. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंद्यांची गाणी ज्या वस्त्यांपर्यंत गेली, तिथे त्यांना पोचवणारी होती ती फुटपाथवर मिळणारी स्वस्त कॅसेटच. बाजाराने दार उघडलं म्हणून ज्यांचा आवाज देशाला कळला असे कितीतरी गायक महाराष्ट्रात आहेत. कलावंताला पैसा मिळाला याचं दुःख करावं इतकं आपण कोरडं नसावं. दुःख आहे ते पैसा कुणाला मिळाला याचं.

हे मी घरातलं पाहून लिहितो आहे. नव्वदीच्या दशकात पुण्याहून एक कॅसेटवाला आमच्या भागात आला. गौरी-गणपतीच्या तोंडावर बायकांची पारंपरिक गाणी काढायची होती त्याला. आत्या आणि आणखी चौघींना त्याने देवळात बसवलं, मधोमध माइक ठेवला, संध्याकाळपर्यंत गाऊन घेतलं. प्रत्येकीला एकेक खण आणि नारळ दिला. आत्याला तो खण फार आवडला होता, हेही सांगितलं पाहिजे. जाताना तो म्हणाला, कॅसेट पाठवतो. पाठवली नाही. श्रावण संपता संपता आबांना ती पौडच्या बाजारात, एका हॉटेलात वाजताना ऐकू आली आणि त्यांनी ती विकत आणली.

आम्ही सगळे पडवीत बसलो. बटण दाबलं. आधी ढोलकी, मग कीबोर्डावर शहनाईसारखा काहीतरी आवाज, आणि त्याच्या मागून आत्या. आवाज तिचाच, पण पळवल्यासारखा. दोन कडवी झाली आणि तिसऱ्यात ती एकदम पुढे वाकली. आजीच्या माहेरच्या गावाचं नाव जिथे यायला हवं होतं तिथे तो तुकडाच नव्हता. पुढची ओळ मागच्या ओळीला जोडलेली. तिने परत लावायला सांगितलं. परत तेच. भावाचं नाव नाही, डोहाचं नाव नाही, देवीचं नाव नाही. माल नगरलाही खपला पाहिजे आणि नाशकालाही, मग मुळशीच्या पाण्याखालचं गाव त्यात कशाला? कापणाऱ्याचा हिशोब सरळ होता. त्याच्या मनात वाईट नसावंही. त्याला ती अडचण वाटली, त्याने काढून टाकली.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा पान्यानं बुडिवलं. आता ह्येनं."

कव्हरावर छापलं होतं: गीत - पारंपरिक. संगीत म्हणून कुणा एकाचं नाव होतं. गाणाऱ्या पाच जणींपैकी एकीचंही नव्हतं. गीत पारंपरिक म्हटलं की त्याचा कुणी मालक नाही आणि मालक नाही म्हणजे मानधन नाही. त्यावर ढोलकी चढवणारा मात्र मालक होतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा पक्का झाला, गायकांच्या रॉयल्टीचीही सोय झाली. चांगलं झालं. पण तो वाटा मागायला आधी कुठेतरी नाव लागलेलं असावं लागतं.

त्याच काळात, आमच्याच तालुक्यात, अगदी उलट रीतीने एक काम चाललं होतं. फ्रान्समधून येऊन इथलाच झालेला गी पॉइतवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर ही दोघं डोंगरातल्या गावागावांत हिंडत होती. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांची बायकांशी ओळख झाली, आणि ओळखीतून ओव्या मिळत गेल्या. मुळशीतल्या कोळवडे, नांदगाव अशा गावांपासून पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या. आणि प्रत्येक ओवीपुढे म्हणणारीचं नाव आणि तिचं गाव. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या लोकांसमोर येऊ लागल्या आहेत, अक्षरांत आणि जिथे ध्वनिमुद्रण आहे तिथे आवाजातही. आमच्या वाडीपर्यंत ती दोघं पोचली नाहीत. मध्ये डोंगराची एकच रांग होती. आत्याचा आवाज उरला तो त्या कापलेल्या कॅसेटमध्ये, आणि तिचीही फीत पुढे गुंतून तुटली.

खासगी एफएम देशात २००१ पासून आलं, पुण्यातही लवकरच आलं. तेव्हा आमच्या तालुक्याचं दुसरं टोक, हिंजवडी-माण, झपाट्याने बदलत होतं. उसाच्या आणि भाताच्या रानात आयटी पार्क उभं राहिलं. सकाळी तिथल्या कोंडीत गाडीत अडकलेला तरुण हा जाहिरातदाराला हवा असलेला श्रोता. एकाच मुळशी तालुक्यात एका टोकाला सर्वांत महागडा कान आणि दुसऱ्या टोकाला जिथे लहरच पोचत नाही असा कान. पुढे श्रोते मोजायची जी यंत्रणा आली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा महानगरांपुरती. त्या चार शहरांच्या आवडीवरून सगळ्या देशाचं काय वाजवायचं याचा अदमास बांधला जाई. त्या मोजणीत पुणंच नव्हतं, तिथे आमची वाडी कुठली असणार.

मोजदादीत नसलेल्याला काय ऐकावं लागतं, हे मुंबईत राहूनही कळतं. संगीतकार कौशल इनामदारांना तिथल्या एका एफएम वाहिनीत सांगण्यात आलं की मराठी गाणी लावली तर वाहिनी हलक्या दर्जाची वाटते. महाराष्ट्राच्या राजधानीत हे बोललं गेलं. त्या माणसाने भांडत न बसता सुरेश भटांच्या कवितेला चाल दिली, शेकडो गायकांना एकत्र आणलं, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०१० च्या मराठी भाषा दिनी अभिमानगीत उभं केलं. पुढे वाहिन्यांवर मराठी गाणी वाढली, त्यामागे राजकीय पक्षांचा धाकही होता. पण जी वाढली ती बहुतेक सिनेमाची. ओवी, भलरी, भारूड यांच्यासाठी भांडायला कुणी नव्हतं.

आणि मग २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या पोरांची ती गोष्ट आमच्या घराघरातली आहे, आणि प्रवीण तरडेंनी ती पोटतिडकीने सांगितली. तिच्यातलं नरेंद्र भिडेंच्या संगीतातलं, आदर्श शिंद्यांनी गायलेलं गाणं गणपतीपासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजलं. आदर्श हे प्रल्हाद शिंद्यांचे नातू. गळ्याची परंपरा तिथे जिवंत आहे, जोरात आहे, मला ते ऐकताना आनंदच होतो. पण बाहेरच्या जगाला मुळशी म्हटल्यावर तेवढं एकच गाणं आठवावं? या खोऱ्याने शेकडो वर्षं पहाटेला जे म्हटलं ते कुणाच्याच कानावर नाही.

आत्या गेली ती पिकल्या वयात, झोपेत. तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखं मरणाने काही ठेवलं नाही. दहाव्याला नदीवर माणसं जमली. पूर्वी अशा वेळी भजनी मंडळ यायचं. आता पखवाज वाजवणारा पुण्यात कंपनीत रात्रपाळीला असतो, पेटीवाले केव्हाच वारले. चुलतभावाच्या पोराने मोबाइल स्पीकरला जोडला आणि अभंग लावला. चांगला होता, मोठ्या गायकाचा होता. पिंड मांडून झाले होते, सगळे कावळ्याची वाट बघत गप्प उभे होते. अभंग अर्ध्यात तुटला आणि कर्जाच्या ॲपची जाहिरात लागली. पोरगं घाबरून बटण शोधत राहिलं. पाच सेकंदं असतील, कदाचित जास्त. कुणी त्याला बोललं नाही. त्याचा काय दोष? त्याच्या जन्मात त्याने गाणं कधी जाहिरातीवाचून ऐकलेलंच नाही.

खांद्यावर पदर घेतलेली एक म्हातारी तेव्हा पुढे आली. देवळात आत्यासोबत बसलेल्या त्या पाच जणींतली उरलेली एकटी. तिने स्पीकर बंद करायला लावला आणि तिथेच, उभ्याने, दोन ओव्या म्हटल्या. आवाज फाटलेला होता. पण आजीच्या माहेरचं नाव तिने पुरतं घेतलं.

माझं मागणं फार मोठं नाही, आणि ते पुणे आकाशवाणीकडे आहे, कारण मागावं असं तेवढंच एक घर उरलं आहे. बाजाराने ओवी लावावी असं मी म्हणणार नाही, ते त्याचं काम नाही. पण आकाशवाणी जनतेच्या पैशावर उभी आहे. तिने पहाटेचा अर्धा तास द्यावा. पहाटेचाच द्यावा, दुपारचा नको. त्यात जाहिरात नसावी, बासरी नसावी, ओवी मध्येच तोडू नये. गी आणि हेमाताईंच्या संग्रहात आवाज आहेत, आकाशवाणीच्या स्वतःच्या भांडारात आहेत, आणि मुळशीच्या वाड्यांत अजून काही जिवंत आहेत, त्यांच्याकडे या वर्षीच माइक नेला पाहिजे, पुढच्या वर्षी नको. आणि प्रत्येक ओवीआधी निवेदकाने म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव मोठ्याने सांगावं, गाव पाण्याखाली असलं तरी.